सत्तावीस नंबरचा पत्ता

छिऊच्या पत्त्या-सोंगट्यांच्या खेळांच्या दुकानात एक नियम होता. ज्याने खेळ बनवून आणलाय त्याने तोंड उघडायचं नाही. त्याला फ्रीजशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसवायचं, हातात चहाचा पेला द्यायचा. मग टेबलाभोवतीची माणसं नियम चुकीचे वाचोत, पत्ते उलटे लावोत नाहीतर आपसात भांडोत, त्याने फक्त बघायचं आणि वहीत टिपायचं. नवखे बनवणारे पहिल्या दहा मिनिटांतच चुळबुळायला लागत. "अहो, तो पत्ता तसा नाही..." असं कोणी बोललं की छिऊ मान न वळवता विचारायचा, "तू काय खोक्यात बसून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी जाणार आहेस का?"

लियेन पेइ-यिनला हा नियम कधी जड गेला नाही. गेली तीन वर्षं ती तशीही कामापुरतंच बोलत होती. तैवानातल्या किलुंग बंदरामागच्या एका छापखान्यात ती अननसाच्या केकच्या खोक्यांवरचा मजकूर जुळवायची. संध्याकाळी टेकडीवरच्या घरी जाऊन आईबरोबर जेवायची, आईने काही विचारलं तर "ठीक" म्हणायची. वय एकोणचाळीस. तिला फार दुःख होत होतं म्हणावं तर तसंही नाही. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीत सुई देतो आणि मग आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं तिचं सगळं चाललं होतं. जेवण बेचव नव्हतं आणि चविष्टही नव्हतं. एवढ्यात तिला भुताखेतांचा खेळ बनवावासा वाटला याचं छापखान्यातल्या लोकांना नवल वाटलं, पण कोणी खोलात गेलं नाही. लोकांना आपापली कामं असतात.

खेळाचं नाव 'खांद्यावरचे दिवे'. माणसाच्या अंगावर तीन दिवे असतात, एक डोक्यावर आणि दोन खांद्यांवर. ते तेवत आहेत तोवर बाहेरचं कोणी जवळ येत नाही. किलुंगच्या पोरांना हे शाळेत जायच्या आधी ठाऊक असतं. खेळात प्रत्येकाला तीन पिवळ्या सोंगट्या मिळत, ते त्याचे दिवे. हातात पाच पत्ते असत. काहींवर जागा, काहींवर वस्तू, काहींवर माणसं आणि काहींवर चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात, भुतं मोकळी हिंडतात तेव्हा, करू नयेत अशा गोष्टी. एकेक पत्ता मांडत गोष्ट सांगायची. गोष्टीत कोणी रात्री शीळ घातली किंवा रस्त्यात पडलेलं लाल पाकीट उचललं की एक दिवा गेला. शेवटी ऐकणाऱ्यांनी मूठ उघडायची. काळी सोंगटी म्हणजे घाबरलो, पांढरी म्हणजे नाही. शिवाय प्रत्येकाकडे 'आण इकडे' नावाचा एक पत्ता असे. तो टाकला की दुसऱ्याची गोष्ट अर्ध्यातून आपल्या हातात घेता येई.

आणि सत्तावीस नंबरचा पत्ता होता. त्यावर लिहिलं होतं, "संध्याकाळी पायऱ्या चढताना मागून कोणीतरी तुम्हाला पूर्ण नावाने हाक मारतं." खाली बारीक अक्षरात, "मागे वळलात तर तिन्ही दिवे विझले. तुम्ही खेळातून बाद."

हा एकच पत्ता तिने मनाने रचलेला नव्हता.

तीन वर्षांपूर्वीच्या सातव्या महिन्यात, बाराव्या दिवशी, दिवेलागणीला ती दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन घराच्या पायऱ्या चढत होती. एकशे चाळीस पायऱ्या, मध्ये दोन वळणं. दुसरं वळण मागे पडलं आणि खालून हाक आली, "लियेन पेइ-यिन!" घरात तिला आ-यिन म्हणत. पूर्ण नाव फक्त दवाखान्यात आणि बँकेत. सातव्या महिन्यात अंधार पडताना मागून पूर्ण नाव ऐकू आलं तर काय करायचं, हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं. वळायचं नाही, ओ द्यायची नाही, पावलं उचलायची. तिने पावलं उचलली. घरी येऊन भाजी धुतली, तांदूळ लावले. पंचवीस मिनिटांनी शेजारचा माणूस धावत आला. वडील वळणावर पडलेले होते, हातातला उदबत्तीचा पुडा पावसात भिजलेला. डॉक्टर म्हणाले, अशा झटक्यात वेळेला फार किंमत असते. एवढंच म्हणाले, आणि तेवढं पुरे होतं.

आवाज घोगरा होता, ओळखू येण्यासारखा नव्हता, असं ती स्वतःला सांगत आली होती. दुसऱ्या कोणाला काही सांगितलंच नव्हतं. आई अजूनही उसासा टाकून म्हणायची, "बिचारे. हाक मारावी तर आसपास कोणी नव्हतं." पेइ-यिन ताट उचलून मोरीकडे जायची.

वडिलांच्या अस्थी टेकडीपलीकडच्या अस्थिगृहात, चौथ्या मजल्यावरच्या कप्प्यात होत्या. ती तिथे एकदाही चढली नव्हती. दर वर्षी पितरांच्या दिवशी आई आणि भाऊ वर जात, आणि ही खाली थांबे. स्कूटरजवळ कोणीतरी हवं ना, म्हणे. तीन वर्षांत त्या स्कूटरला कोणी बोटही लावलं नव्हतं.

खेळ संपल्यावर माणसं जो फॉर्म भरत त्यात सात प्रश्न होते. खेळ लांबतो का, अक्षरं वाचता येतात का, असे नेहमीचे सहा. आणि सहाव्यानंतर हा, "सत्तावीस नंबरचा पत्ता खरोखर तुमच्यावर आला असता तर तुम्ही मागे वळला असता का? का?" आतापर्यंत बारा बैठका झाल्या होत्या, सेहेचाळीस फॉर्म जमले होते आणि सेहेचाळीसही जणांनी "नाही" लिहिलं होतं. पन्नास झाले की बस, असं तिने ठरवलं होतं. पन्नास जणांनी नाही म्हटलं म्हणजे कोणीच वळलं नसतं. मग ते फॉर्म घेऊन चौथ्या मजल्यावर जायचं आणि कप्प्यासमोर उभं राहायचं. बघा बाबा, कोणीच वळत नाही. खेळ विकला जावा, कोणी वाहवा करावी, यातलं तिला काही नको होतं. एवढंच हवं होतं.

आज चार जण बसणार होते. चार आणि सेहेचाळीस पन्नास.

रविवारची दुपार. दुकानाच्या दारात छिऊने टेबल मांडून बिस्किटांचे पुडे, नूडल्सची पाकिटं, सरबताच्या बाटल्या असं सातव्या महिन्याच्या नैवेद्याला ठेवलं होतं. दर पाकिटात एकेक उदबत्ती खोचलेली. आत टेबलाशी तैपेईहून आलेला येन-शेंग होता. हा दर महिन्याला कोणाचा तरी खेळ तपासायला यायचा आणि बनवणाऱ्याला रडवून जायचा, अशी त्याची ख्याती. त्याच्यासमोर वान-रू, प्राथमिक शाळेतली शिक्षिका. हिला सगळंच छान वाटायचं. तिसरा खुद्द छिऊ. चौथ्याने ऐन वेळी पोट बिघडल्याचा निरोप धाडला.

"सातव्या महिन्यात भुतांच्या खेळाला बोलावलं की सगळ्यांचीच पोटं बिघडतात," छिऊ म्हणाला. जिन्यात जाऊन त्याने खाली हाक दिली, "थू काकू! वर या जरा, माणूस कमी पडतंय!"

थू काकू खालच्या मजल्यावर राहायच्या. सदुसष्ट वर्षांच्या. मच्छीबाजारात चाळीस वर्षं गाळा चालवून आता पोराच्या हवाली केलेला. त्या गुडघ्यावर हात टेकत वर आल्या, खुर्चीत बसल्या आणि पत्ते डोळ्यांपासून लांब धरून म्हणाल्या, "चष्मा खाली राहिला. कोणीतरी वाचून दाखवा. आणि हे कसलं? भुतांचं? या महिन्यात त्यांना असं म्हणू नये रे. चांगले भाऊ म्हणावं."

"काकू, खोक्यावर 'चांगले भाऊ' छापलं तर लोक घरगुती मालिका समजतील," येन-शेंग म्हणाला.

"समजू देत. त्यांना राग येण्यापेक्षा बरं."

पेइ-यिन स्टुलावर बसली, वही गुडघ्यावर, पेला हातात. चहा फार गोड होता. तिला तो कमी गोड आवडायचा. पण सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून ती तोच पीत राहिली.

पहिल्या दोन गोष्टी बेताच्या झाल्या. छिऊने बंद पडलेल्या हॉटेलची गोष्ट सांगितली, तीत एक खोली सारखी बदलत होती. गोष्ट सांगता सांगता त्याला स्वतःलाच हसू फुटलं. तिघांच्याही मुठीत पांढऱ्या सोंगट्या निघाल्या. येन-शेंगची बोगद्याची गोष्ट बरी होती, पण थू काकू मध्येच म्हणाल्या, "त्या बोगद्यात काही नाही. माझी नणंद रोज जायची." येन-शेंगचं तोंड पाहण्यासारखं झालं. पेइ-यिनने वहीत लिहिलं, 'ऐकणाऱ्यांनी मध्ये बोलावं का?' आणि त्याच्यापुढे काहीच लिहिलं नाही.

तिसरी पाळी वान-रूची. तिने पत्ते मांडले, शाळा, छत्री, शिपाई. चौथा पत्ता टेबलावर पडला तसं पेइ-यिनला स्टुलावरूनही कळलं तो कुठला. त्याचा एक कोपरा तिने कापताना तिरका गेला होता.

"मग ती मुलगी शाळेमागच्या पायऱ्या चढतेय," वान-रू हळू आवाजात सांगत होती, वर्गात सांगतात तशी, "संध्याकाळ झालीय. आणि मागून हाक येते. पूर्ण नावाने. तिला वाटतं, शिपाईच असेल. पण शिपाई तर सुट्टीवर गेलाय. मग ती... मग ती वळत नाही. चालत राहते. आणि घरी पोचल्यावर बघते तर छत्रीवर ओल्या हाताचा ठसा!"

"छान," छिऊ म्हणाला. पेइ-यिनने वहीत एक रेघ ओढली. सत्तेचाळीस.

"थांबा," येन-शेंग म्हणाला. पत्ता उचलून त्याने खालची बारीक अक्षरं वाचली, मग शेजारच्या गठ्ठ्यातले आणखी दोन-तीन पत्ते उलटून पाहिले. "लाल पाकीट उचललं, एक दिवा. शीळ घातली, एक दिवा. भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचल्या, एक दिवा. आणि वळलं की तिन्ही? का हो? माझी आजी सांगायची, ज्या खांद्यावरून वळाल त्या खांद्याचा एकच विझतो."

"एकच," थू काकूंनी मान डोलावली. "उजवीकडून वळलं तर उजवा."

"बघा! म्हणजे समजुतीतसुद्धा एकच आहे." येन-शेंग स्टुलाकडे वळला. "ताई, तुम्हाला बोलायला बंदी आहे, पण ऐका. या पत्त्यावर गोष्ट अडते. वळलं की माणूस बाद, मग कोण वळेल? तासभर प्रवास करून आलोय, बाद व्हायला? आणि वर तुम्ही फॉर्ममध्ये विचारता, वळला असता का आणि का. हा प्रश्नच नाही. उत्तर तुम्ही आधीच पत्त्यावर छापून ठेवलंय. अशा फॉर्मवर हजार जणांनी नाही लिहिलं तरी त्याला काडीचा अर्थ नाही."

"अरे, हळू," छिऊ म्हणाला.

"मी वाईट नाही बोलत. बाकीचा खेळ मला आवडला. हा एक पत्ता खोटा आहे."

पेइ-यिनने लिहिलं, 'हा पत्ता खोटा आहे.' तिचं अक्षर नेहमीसारखं नेटकं आलं. लिहिताना तिला दुसऱ्या बैठकीतला एक कॉलेजचा मुलगा आठवला. तेव्हा या पत्त्यावरही एकच दिवा होता. तो मुलगा खांदे उडवून म्हणाला होता, "एकच ना? मग बघतो वळून." फॉर्मवरही त्याने तसंच लिहिलं होतं. त्या रात्री घरी जाऊन तिने पत्ता बदलला, एकाचे तीन दिवे केले. नियम बदलला की जुना फॉर्म बाद, यात कोणाला काय चूक दिसणार? तिने तो फाडून टाकला आणि मोजणी पुन्हा एकपासून धरली. या गोष्टीचं तिला तेव्हा काही वाटलं नव्हतं. आताही वाटायला हवं तेवढं वाटेना.

"माझ्याकडे ते आण-बिण असं काही आहे ना?" थू काकूंनी विचारलं. "दुसऱ्याची गोष्ट घेता येते ते?"

वान-रूने त्यांच्या हातातून 'आण इकडे' काढून दाखवला. काकूंनी तो टेबलावर आपटला, मासा फळीवर टाकावा तसा.

"आण इकडे. ती पोरगी वळते."

"काकू, वळलात तर बाद व्हाल," छिऊ म्हणाला. "तिन्ही दिवे जातील."

"जाऊ देत. माझे गुडघे तसेही आखडलेत, खाली जाऊन पडते." त्यांनी आपल्या तीन पिवळ्या सोंगट्या बोटाने टेबलाच्या मध्यावर ढकलून दिल्या. "पण गोष्ट सांगून जाते. पोरगी नाही, बाई आहे. बाजारात मासे साफ करतेय. नवरा मागे बर्फाची खोकी उतरवतोय. तीस वर्षं झाली लग्नाला, तीस वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारलेली नाही. 'ए' म्हणायचा. 'ए, सुरी दे. ए, चहा आण.' लोकांना वाटायचं हिचं नावच 'ए' आहे. आणि त्या दिवशी मागून हाक येते, थू श्यू-मेइ! महिना सातवाच. पहाटेचा अंधार. बाई मनात म्हणते, आली बला. मी सगळं मानणारी आहे हां, मला हसू नका. तरी वळले."

"मग?" वान-रूने विचारलं.

"मग काय, तो खाली पडलेला. बर्फ सगळीकडे."

खाली रस्त्यावरून कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजत गेलं.

"वाचले का ते?" येन-शेंगने विचारलं. त्याचा आवाज आता बारीक झाला होता.

"छे. दवाखान्याची गाडी येईपर्यंत आटोपलं. वळून काही उपयोग झाला नाही. फक्त माझं तोंड बघून गेला. तेही काय तोंड होतं म्हणा, घामेजलेलं, गालाला खवले चिकटलेले." काकूंनी गाल पुसला, जणू आत्ता तिथे काही असावं. "एक मला तेव्हा कळलं. माणूस भ्याला की पूर्ण नावाने हाक मारतो. लाडाचं नाव सुचत नाही. वाहून चाललेल्या होडीतला माणूस पोहोचेल तेवढी लांब दोरी टाकतो ना, तसं पूर्ण नाव टाकतो. चला, झाली गोष्ट. उघडा मुठी."

"मी वळले नाही," पेइ-यिन म्हणाली.

सगळ्यांनी फ्रीजकडे पाहिलं. छिऊचं तोंड सवयीने उघडलं, तिला खोक्याचं विचारायला, पण तिच्याकडे बघून त्याने ते मिटलं.

"बाराव्या दिवशी. आमच्या पायऱ्यांवर," ती म्हणाली. ती एकसारख्या आवाजात बोलत होती, फोनवर छपाईची मापं सांगताना बोलायची तशी. "माझ्या हातात भाजी होती. त्यांनी पूर्ण नावाने हाक मारली. एकदाच. मी जोरात चालायला लागले. घरी येऊन भात लावला. आईने विचारलं, बाबा दिसले का? मी म्हटलं, नाही. दिसले नव्हतेच."

येन-शेंगने वान-रूकडे पाहिलं. खेळ पुढे सरकलाय, बनवणारीच आता गोष्ट सांगतेय, असं त्याला वाटलं असावं. हे त्याला आवडलंही असावं, कारण तो पुढे सरकून ऐकू लागला.

"आवाज ओळखला नाही तुम्ही?" वान-रूने विचारलं.

हा प्रश्न तिला तीन वर्षांत कोणी विचारला नव्हता. कोणाला ठाऊकच नव्हतं, तर विचारणार कोण. पेइ-यिनने पेला खाली ठेवला.

"ओळखला," ती म्हणाली. "लगेच ओळखला. बाबांचाच होता. त्यांनीच शिकवलं होतं मला, की त्या लोकांना आपल्या माणसांचा आवाज काढता येतो. जितका आवाज ओळखीचा, तितकं वळू नकोस. म्हणून नाही वळले. ओळखीचा होता म्हणूनच."

वान-रूची मूठ उघडली. काळी सोंगटी. छिऊचीही काळी. येन-शेंगने काळी अर्धी पुढे सरकवली, आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात काहीतरी आलं. बोट सोंगटीवर तसंच ठेवून तो म्हणाला, "ताई, ही... ही गोष्ट आहे ना?"

ती वहीकडे बघत होती. त्याने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. कानाच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला. लोकांना रडवून जाणारा हाच, पण आज त्याला कुठे बघावं ते कळेना.

थू काकूंनी आपली मूठ उघडली. पांढरी.

"यात भ्यायचं काय?" त्या म्हणाल्या. "बाप होता."

हे त्या काही समजूत घालायला म्हणाल्या नाहीत. माशाचा भाव सांगावा तसं सांगून त्यांनी सोंगटी पेइ-यिनसमोर सरकवली. पेइ-यिनला वाटलं आता आपल्याला रडू येईल. तिने वाट पाहिली. आलं नाही. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला भीती वाटली, नीट, खरीखुरी भीती. त्या पायऱ्यांवर वाटली होती तीच, फक्त आता ती दुसऱ्या बाजूने येत होती. खाली पडलेल्या माणसाला वर चढत जाणारी पाठ कशी दिसली असेल, तिकडून. आपण शिकवलेलं पोरगी किती नीट पाळतेय, हे त्यांना पडल्या पडल्या कळलं असेल. म्हणूनच दुसरी हाक आली नाही. हा विचार तिच्या मनात यापूर्वी आला नव्हता. आता तो आला आणि जागा धरून बसला.

"माफ करा," ती म्हणाली. "नियम मोडला. बोलायचं नसतं."

"मोडला तर मोडला," छिऊ म्हणाला. त्याने उठून उगाच फ्रीज उघडला, आत बघितलं आणि पुन्हा बंद केला. "फॉर्म... फॉर्म आज राहू देत का?"

"नको. भरा," पेइ-यिन म्हणाली.

तिने फॉर्म वाटले, पेनं दिली. तिघं माना खाली घालून लिहू लागले. शेवटच्या प्रश्नापाशी येन-शेंगचं पेन बराच वेळ थांबलं. वान-रूने काय लिहिलं ते तिने हाताने झाकून घेतलं, परीक्षेत मुलं झाकतात तसं. तिघांनी फॉर्म पालथे ठेवले. पेइ-यिनने ते उलटून पाहिले नाहीत.

थू काकू कागद लांब धरून बसल्या होत्या.

"पोरी, मला हे दिसत नाही. चष्मा खाली आहे. तू लिही, मी सांगते."

पेइ-यिन स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली. एकेक प्रश्न वाचून दाखवत गेली. खेळ लांबतो का? लांबतो. अक्षरं वाचता येतात का? कुठली येतात, बारीक काढलीस. कुठला पत्ता आवडला? तो आपटायचा. पुन्हा खेळाल का? चहा असेल तर. असे सहा झाले. सातव्याशी ती थांबली.

"पुढे?" काकू म्हणाल्या.

"सत्तावीस नंबरचा पत्ता खरोखर तुमच्यावर आला असता तर तुम्ही मागे वळला असता का?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्यासाठी खोटं लिहायला सांगू?"

"नको."

"मग लिही. हो."

पेइ-यिनने लिहिलं. 'हो' हा शब्द तिने या प्रश्नाखाली आजवर कधी लिहिला नव्हता. अक्षर नेटकं येत नव्हतं. तिने पेन घट्ट धरलं तसं ते आणखीच बिघडलं.

"पुढे 'का' असं विचारलंय," ती म्हणाली.

"का म्हणजे काय?" थू काकू म्हणाल्या. "हाक मारली ना कोणीतरी."

पेइ-यिन कागदाकडे बघत राहिली. छिऊ काहीतरी बोलायला पुढे झाला. काकूंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"लिहिलंस?"

"लिहिते," पेइ-यिन म्हणाली, आणि तिने पेन टेकवलं, आणि मग तिला रडू आलं.